मडगार्डची मुडप

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती जवळपास प्रत्येक मोटारीत चार ठिकाणी असते, पण ती मुद्दाम पाहिलेली माणसं फार थोडी. घरी गाडी असेल तर एकदा चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेखालून जपून बोट फिरवा. बाहेरून वाटतं की पत्रा तिथंच संपला. प्रत्यक्षात तो काटकोनात आत वळलेला असतो. शिंपी पँटच्या पायाला मुडप घालतो ना, तशी ही पत्र्याची मुडप. रुंदी साधारण एक ते दीड सेंटिमीटर. कारखान्यातून जशी आली तशीच वापरलेल्या गाडीत टायरची आणि या मुडपीची सहसा गाठ पडत नाही. गाडी खाली बसवली, तिला रुंद चाकं घातली, की मात्र पडते. मग खड्ड्यात गाडी आदळली किंवा मागे तिघं बसले की ‘खर्र’ असा आवाज येतो. टायर मुडपीवर घासत असतो.

हा आवाज आला की तरुण मंडळी गॅरेज गाठतात आणि सांगतात, ‘तेवढी कड ठोकून द्या.’ कड दाबता येते. ती नीट दाबण्याची रीत आहे आणि ती मी सांगणार आहेच. पण कड दाबून जागा किती मिळते, कुठे मिळते आणि त्या बदल्यात काय जातं, हे आधी समजून घेतलेलं बरं. बराच खर्च त्यानं वाचतो आणि एखादा अपघातही टळू शकतो.

हौस जुनीच आहे

गाडी जमिनीलगत आणण्याची हौस आजची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जुन्या शेव्हरोले गाड्या घेतल्या आणि त्या खाली बसवल्या. कुणी डिकीत वाळूची पोती टाकत, कुणी स्प्रिंगा कापत. त्या राज्यानं १९५८ साली कायदाच केला, की बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. त्यावर १९५९मध्ये रॉन अगिरे यानं आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. कळ फिरवली की गाडी खाली, पोलीस दिसला की पुन्हा वर! पुढे गाड्या नाचवण्याची जी प्रथा तिथं सुरू झाली, तिचं मूळ या युक्तीत आहे. तो कायदा रद्द व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं.

जपानमध्ये अशा गाड्यांना ‘शाकोतान’ म्हणतात. शाको म्हणजे गाडीची उंची आणि तान म्हणजे आखूड. मडगार्डची मुडप दाबण्यालाही त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, ‘त्सुमेओरी’. त्सुमे म्हणजे नख आणि ओरी म्हणजे दुमडणं. टायरला ओरखडणारं नख दुमडून ठेवायचं. कामाचं याहून नेमकं वर्णन मला तरी ठाऊक नाही.

शर्यतीच्या गाड्या खाली असतात, त्यामागे मात्र हिशेब असतो. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, हे गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे यावर अवलंबून असतं. समजा तो ५५ सेंटिमीटरवर आहे आणि गाडी ३ सेंटिमीटर खाली आली, तर हे सरकणं साधारण पाच टक्क्यांनी घटतं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गावर पाच टक्के म्हणजे फार झाले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता त्यांचा काहीच उपयोग नाही. तिथं गाडी खाली असते ती दिसायला. त्यातही गैर काही नाही. हौसेला मोल नसतं, पण मोजमाप असावं.

जागा जाते कुठे?

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून गाडीवेडी मुलं सहसा चकित होतात. नुसती गाडी खाली आणल्यानं टायर मडगार्डच्या कडेला लागायला नको असतो.

याचं कारण असं. प्रत्येक चाकापाशी रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो. गॅरेजमध्ये त्याला बंप स्टॉप म्हणतात. गाडी कितीही जोरात आदळली तरी चाक वर किती जायचं, याची शेवटची सीमा हा ठोकळा ठरवतो. गाडीची आखणी करणारा अभियंता ही सीमा अशी ठेवतो, की ठोकळा पूर्ण दाबला गेला तरी मूळ मापाचा टायर कुठेही घासू नये. गाडी खाली बसवली म्हणून ही सीमा बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की चाक त्या सीमेपर्यंत आता वारंवार पोहोचतं. पूर्वी वर्षातून चार वेळा पोहोचत असेल, तर आता रोज चार वेळा.

म्हणजे मूळ चाकं, मूळ टायर आणि शाबूत ठोकळा असताना आवाज येत असेल, तर मुडपीकडे जाण्याआधी दुसरीकडे पाहायला हवं. बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक म्हणजे चाकं रुंद घातलेली असतात. दुसरी म्हणजे, गाडी फार कडक लागते म्हणून कुणीतरी तो ठोकळा कापून टाकलेला असतो, म्हणजे कुंपणच काढून टाकलेलं असतं. आणि तिसरी म्हणजे स्प्रिंगचे वेढे कापलेले असतात.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून तोच सर्रास केला जातो. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते आणि थोडी कडकही होते, कारण वेढे कमी तितकी कॉइल स्प्रिंग ताठ. पण मूळ स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक तसं बसत नाही. शिवाय स्प्रिंग आखूड झाल्यानं, खड्ड्यावरून जाताना चाक खाली लोंबलं की ती वाटीतून सैल होऊन फिरू शकते. कापताना गॅसची आच लावली असेल तर तेवढ्या भागातलं पोलाद मऊ पडतं ते वेगळंच. अशी गाडी द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगानं नेणं म्हणजे स्वतःबरोबर शेजारच्या गाडीतल्या कुटुंबालाही धोक्यात घालणं आहे. गाडी खाली आणायचीच असेल तर त्या कामासाठी बनवलेल्या आखूड आणि कडक स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉक ॲब्सॉर्बर मिळतात. ते महाग असतात, आणि महाग असण्याला कारण असतं.

जमिनीपासूनच्या उंचीचाही हिशेब पाहू. २०१८च्या मारुती स्विफ्टची ही उंची १६३ मिलिमीटर होती. ती ४० मिलिमीटर खाली आणली की १२३ उरतात, तेही रिकाम्या गाडीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शिकेत गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. ही रुंदी स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरापेक्षा जास्त आहे. म्हणून असा गतिरोधक गाडीच्या पोटाला लागत नाही, सगळी गाडी हळूहळू त्याच्यावर चढते आणि उतरते. आपल्या गावोगावी रातोरात उगवणारे अरुंद, टोकदार गतिरोधक कोणत्या पुस्तकातून येतात ते तुम्ही जाणताच. त्यांच्यावर पोट घासतं आणि उतरताना चाक वर दाबलं जाऊन मुडपीपर्यंत पोहोचतं.

खडूची परीक्षा

आवाज आला म्हणजे कुठे घासतं आहे हे कळलं, असं नाही. त्यासाठी शाळेतला खडू पुरतो. मुडपीच्या खालच्या कडेला चारही चाकांपाशी खडू घासून ठेवायचा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथेही आडव्या रेघा मारायच्या. मग नेहमी असतात तेवढी माणसं बसवून, नेहमीच्या रस्त्यावरून, बेताच्या वेगानं फेरी मारायची. परत आल्यावर जिथला खडू पुसला गेला असेल ती जागा.

आवाजाच्या वेळेवरूनही अंदाज येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज आला तर तो बहुधा पुढच्या चाकामागच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा असतो. मुडप दाबून तो जाणार नाही. माणसं बसल्यावर आणि आदळल्यावर मागून आवाज आला तर मागची मुडप. आणि कित्येकदा दोषी मुडप नसतेच. बंपर आणि मडगार्ड जिथं जुळतात तिथला एखादा स्क्रू, नाहीतर मडफ्लॅपचा खिळा टायरकडे तोंड करून बसलेला असतो. तो स्क्रू बदलून चपट्या डोक्याचा घातला की काम झालं.

एका डेंटरच्या दुकानात ऐकलेला संवाद सांगतो. एक मुलगा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘मामा, मागची कड फक्त ठोकून द्या, घासतेय.’’

मिस्त्री हातातलं काम न सोडता म्हणाले, ‘‘कोण कोण बसल्यावर घासते?’’

‘‘मित्र असले की.’’

‘‘मग मित्रांना घेऊन ये. रिकामी गाडी बघून मी काय ठोकू?’’

मुलगा खरंच संध्याकाळी मित्रांना घेऊन आला. मिस्त्रींनी त्यांना मागे बसवलं, मडगार्डखाली हात घातला, आणि डाव्या बाजूला बोट जातं, उजव्या बाजूला जात नाही हे दाखवलं. एकाच बाजूची स्प्रिंग बसली होती. मडगार्डला हातही न लावता मुलगा परत गेला. पैसे मिळण्याजोगं काम आपणहून नाकारणारा असा मिस्त्री ज्याला भेटला, त्यानं त्याचा फोन नंबर जपून ठेवावा.

दोन आकडे आणि एक वजाबाकी

चाकं बदलताना लोक टायरची उंची पाहतात आणि रुंदी विसरतात. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. याचा एकूण व्यास होतो सुमारे ६२ सेंटिमीटर. त्याऐवजी १९५/५५ आर १६ घातला तरी व्यास ६२च राहतो. म्हणजे वरच्या बाजूला फरक नाही आणि स्पीडोमीटरही फसत नाही. दुकानदार हे बरोबर सांगतो.

पण रिमची रुंदी आणि ऑफसेट यांचं काय? ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून, ते हबला जिथं टेकतं तो पृष्ठभाग किती दूर आहे, ते अंतर. रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी ४५’ अशा प्रकारे ते कोरलेलं असतं. आकडा लहान, तितकं चाक बाहेर.

समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. मनाला भावलेलं अलॉय व्हील सात इंच रुंद आणि ऑफसेट ३५ आहे. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १९ मिलिमीटर. ऑफसेट १०ने घटला, म्हणजे सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड एकूण २९ मिलिमीटर बाहेर आली, आणि आतली ९ मिलिमीटर आत, शॉक ॲब्सॉर्बरच्या दिशेनं.

आता मुडपीकडे या. ती १२ मिलिमीटर रुंद धरू. ती पूर्ण दाबून चपटी केली तरी दुमडलेल्या पत्र्याची जाडी उरतेच. हाती लागतात ८ ते १० मिलिमीटर. गरज २९ची आहे आणि मिळतात १०. ही वजाबाकी चाकं विकत घेण्याआधी करायची. ती नंतर केली की उरलेले १९ मिलिमीटर पत्रा कापून काढावे लागतात.

मुडप कशासाठी असते?

मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. एवढा पातळ पत्रा कडेला सरळ सोडला तर तो थरथरेल, हात लागला तर कापेल आणि जरा धक्का बसला की वाकेल. कड आत वळवली की त्याला ताठपणा येतो. ताटाला काठ असतो, पत्र्याच्या डब्याच्या तोंडाला गोल वळ असतो, त्यामागचंच हे तत्त्व.

पुढचं आणि मागचं मडगार्ड मात्र दिसायला सारखं असलं तरी जातीनं वेगळं. पुढचं मडगार्ड बहुतेक गाड्यांत एकेरी पत्र्याचं आणि बोल्टांनी आवळलेलं असतं. बिघडलं तर काढून नवं लावता येतं. मागचं मडगार्ड म्हणजे गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंगनं जोडलेलाच भाग. तिथं बाहेरचा पत्रा आणि चाकाची आतली कमान असे दोन पत्रे मुडपीपाशी एकमेकांना भेटतात. त्यांना ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग केलेलं असतं आणि फटीत सीलंट भरलेला असतो. हा सांधा पाणी अडवतो. तो फुटला तर चाकानं उडवलेलं पावसाचं पाणी दोन पत्र्यांच्या मधे शिरतं आणि तिथंच राहतं. बाहेरून काही दिसत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की रंगाला फुगे येतात, आणि तोवर आतला पत्रा चाळणी झालेला असतो. मुंबईत आणि कोकणात खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं.

रोलर कसा चालवतात

जुनी रीत अशी होती, की टायर आणि मुडप यांच्यामध्ये बेसबॉलची बॅट किंवा तसलाच गोल दांडा घालायचा आणि गाडी पुढे-मागे ढकलायची. दांडा फिरत जाई आणि कड दबत जाई. अमेरिकेत ही युक्ती फार चालली. त्यात दाब कुठे किती पडतो यावर कुणाचाच ताबा नसतो, त्यामुळे मडगार्डच्या बाहेरच्या अंगाला लाटा उठतात. आपल्याकडे लाकडी हातोडी आणि मागे धरायचा लोखंडी ठोकळा घेऊन हेच काम केलं जातं. कसलेला हात असेल तर ते सुंदर होतं. नसेल तर हातोडीचा प्रत्येक घाव बाहेरून मोजता येतो.

यासाठी खास अवजार असतं. चाक काढून ते हबच्या बोल्टांवर बसवतात. त्याच्या दांड्याच्या टोकाला कठीण प्लॅस्टिकचा रोलर असतो. दांड्याची लांबी कमीजास्त करता येते आणि रोलरचा कोनही. दांडा घड्याळाच्या लंबकासारखा इकडून तिकडे फिरवला की रोलर कमानीवरून एकसारखा दाब देत जातो.

कामाचा क्रम असा. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवायची नाही, मजबूत स्टँडवर घ्यायची, हँडब्रेक लावायचा. चाक निघाल्यावर हब खाली लोंबतो, म्हणून त्याखाली जॅक लावून तो थोडा वर आणायचा, म्हणजे दांड्याचा मध्य आणि कमानीचा मध्य जुळतात. मुडपीवरचा चिखल, डांबर खरवडून काढायचं. प्लॅस्टिकचं अस्तर, बंपरच्या टोकाचे स्क्रू, क्लिपा सोडवायच्या.

मग रंग गरम करायचा. हे टाळलं की काम फसलंच. थंड रंग ठिसूळ असतो, पत्रा वाकला की तो तडकतो. हीट गनची हवा सतत फिरती ठेवून मुडपीचा पत्रा साधारण ६० अंशांपर्यंत आणायचा. रंगकामाच्या भट्टीत नवा रंग वाळवतात ते तापमानही याच्याच आसपास असतं, म्हणून रंगाला ते सोसतं. एका जागी हवा धरून ठेवली तर मात्र काही क्षणांत फोड येतात. तापमापक नसेल तर बोटाला चटका बसेल, पण रंग चकाकताच राहील, एवढीच ऊब.

पहिल्या फेऱ्यांत रोलर तिरपा ठेवून कड फक्त कलती करायची. मग दांडा जरासा वाढवायचा, पुन्हा गरम करायचं, पुन्हा फिरवायचं. एका चाकाला असा पाऊण तास सहज लागतो. एका हातानं दांडा फिरत असताना दुसऱ्या हाताचा तळवा मडगार्डच्या बाहेरच्या अंगावर ठेवायचा. पत्रा बाहेर फुगायला लागला तर डोळ्याआधी तळव्याला कळतं. आणि मुडप पूर्ण चपटी करण्याची गरज नसते. खडूनं दाखवलेल्या पट्ट्यात, टायर सुटेल इतकीच. काही गाड्यांत मागच्या दाराची कडही या कमानीत येते, तिथं रोलर नेऊ नये. दार बसतं ती फट बिघडते.

काम संपलं असं वाटतं तेव्हा निम्मं उरलेलं असतं. बॅटरी घेऊन खाली बसायचं आणि घडीच्या रेषेवर बारीक तडे शोधायचे. जिथं रंग तडकला तिथं घासून प्रायमर, मग रंग. मागच्या मुडपीत सीलंट फाटला असेल तर जुना खरवडून नवा भरायचा. गाडी धुवायला देण्याआधी तो पूर्ण वाळू द्यायचा. पुढच्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पुन्हा एकदा बॅटरी घेऊन बघायचं. हे शेवटचं निम्मं काम बिलात दिसत नाही, त्यामुळे तेच सगळ्यात आधी गाळलं जातं. म्हणून काम देतानाच विचारा, ‘सील कोणता भरणार?’ उत्तरावरून दुकान कळतं.

दाबून भागलं नाही तर

मुडप दाबूनही जागा पुरत नसेल तर लोक पुढे जातात. त्याच रोलरनं मडगार्ड बाहेर ओढतात. पुढच्या बोल्टच्या मडगार्डला थोडंफार जमतं, मागच्याला ओढलं की रंग आणि आकार दोन्ही जातात आणि लांबी भरून पुन्हा रंगवावं लागतं. जाड लांबी हादऱ्यांनी तडकते. त्यापुढची पायरी म्हणजे कमान कापून वरून रुंद झालर बसवणं. शर्यतीच्या गाड्यांत ती रीतच आहे. पण तिथं मागचा पत्रा कापल्यावर उघडे पडलेले दोन पत्रे पुन्हा एकमेकांना वेल्डिंग करून बंद करतात. ते न करता नुसती झालर स्क्रूनं बसवली तर आपण गाडीच्या सांगाड्याचा एक सांधा उघडा टाकला, असा त्याचा अर्थ.

आणखी एक पळवाट आहे. चाकं वरून आत कलती करायची, म्हणजे वरची कड मडगार्डपासून सुटते. थोडा कल मूळ गाडीतही असतो. पण डोळ्यांना जाणवेल इतका दिला, की टायर आतल्या कडेनं झिजतो. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतून तारा निघेपर्यंत झिजलेला असू शकतो. टायरच्या बाजूच्या भिंतीचंही तेच. नक्षीचा भाग जाड असतो, भिंत पातळ. मुडपीनं तिथं खाच पाडली आणि आतले धागे दिसायला लागले, तर तो टायर दुरुस्त होत नाही. तो बदलायचा, त्याच दिवशी.

कायदा आणि विमा

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून चाकं, स्प्रिंगा किंवा मडगार्डचा बाहेरचा आकार बदलण्याआधी आरटीओत लेखी विचारावं आणि विमा कंपनीलाही कळवावं. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडला, तर नुकसान फक्त पत्र्याचं राहत नाही.

मग करायचं काय? माझा सल्ला क्रमाचा आहे. आधी खडू. मग स्क्रू, अस्तर, बसलेली स्प्रिंग, कापलेला ठोकळा, यांची तपासणी. मग चाकाच्या ऑफसेटची वजाबाकी. दहा मिलिमीटर जास्त ऑफसेटचं रिम निवडलं तर मडगार्डला हात लावावा लागत नाही. टायर एक माप अरुंद घेतला तरी बऱ्याचदा भागतं. फक्त टायरवर लिहिलेली भारक्षमता मूळच्या टायरपेक्षा कमी नको. गाडी चार सेंटिमीटरऐवजी अडीच सेंटिमीटरच खाली आणली, तर ठोकळ्यापर्यंत जाणं खूप कमी होतं आणि पाहणाऱ्याला तो फरक कळतही नाही. एवढं सगळं करून पाच-सात मिलिमीटर कमी पडत असतील, तर मुडप दाबावी. रोलरनं, गरम करून, सावकाश, आणि सील भरून.

ज्यांच्या घरात अशी हौशी मुलं आहेत त्या आईवडिलांनाही एक सांगायचं आहे. मुलाला नुसतं ‘हे असले धंदे बंद कर’ म्हणू नका. त्याला खडू आणि पट्टी द्या, ऑफसेटची वजाबाकी कागदावर मांडायला सांगा. आणि एखाद्या रविवारी मागच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा. आवाज कुठून येतो ते तुम्हालाही ऐकू येईल. पुढचं बोलणं मग सोपं होतं.